आठ पाउणे सहा

मनोरीच्या बंदरामागे, जिथे रस्ता संपतो
आणि संपला असं कुठे लिहिलेलं नाही,
तिथे माझा टेम्पो मागच्या दोन्ही चाकांनी बसला.
मार्चची दुपार. ढग औषधालाही नव्हता.
हौद्यात बर्फाच्या बावीस लाद्या,
होड्या लागायच्या होत्या चारला.

बाविसाव्या वर्षी कुणीही करेल तेच मी केलं:
पाय दाबला.
चाक जागच्या जागी फिरलं, काळा गाळ उडाला
इद्रिसच्या सदऱ्यावर, दातांवर,
आणि टेम्पो आणखी वीतभर खाली गेला,
म्हैस बसते तसा, सावकाश, उठायचं नाही असं ठरवून.

"रेस सोर!"
बोंबलाच्या वलांडीखालून एक बाई वाकून बाहेर आली,
लुगडं गुडघ्यावर, मुठीत मशेरीची डबी.
"जवरा रागावशील तवरा गिलंल तुला.
बंद कर. चावी इकरं दे."
मी दिली. का दिली ते अजून कळलेलं नाही.

तिने तिथी विचारली. मला तारीखही धड ठाऊक नव्हती.
इद्रिस म्हणाला, काल चांद निम्म्याला आला होता.
"मंजे अष्टमी. आठ पाउणे सहा.
सहाला पानी भरंल. भांगाचं पानी, आलशी.
चाकाला लागंल सारेचारला. घाई नको."

पाउणकी येत नाही म्हणून मी शाळेत
हातावर छड्या खाल्ल्या होत्या.
समुद्र तिच्यावर चालतो
हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

आधी लाद्या उतरवल्या. तोवर बर्फाचं पाणी
ठिबकत त्याच गाळात मुरत होतं;
माझाच माल मला खाली ओढत होता.
चाकांपुढचा चिखल घमेल्याने उपसला, हातांनी उपसला,
चढ निवळेपर्यंत.
सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं.
काडीने व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडली,
टायर पोट सैल सोडून बसेल इतकीच.
लाद्यांवरचा भुसा चाकांखाली, त्यावर गोणपाटं.
तेवढ्याने भागेना.
रेमेदमावशी (नाव इद्रिसने विचारून घेतलं)
उठली, आणि मोडक्या होडीच्या दोन फळ्या ओढत आली.
एक कशीही टाकली.
दुसरी तिने थांबून, उलटून, उपडी टाकली.

पास्कोलचा ट्रॅक्टर वरच्या कोरड्या रेतीत उभा.
दोर मी बंपरला बांधू गेलो
तर हातावर चापट. चासीला बांधला.
दोराच्या मधोमध ओलं गोणपाट:
"तुटला तं इतंच परंल."
मग पोरांकडे वळून, "दोराचे रेगंन कोनी उबं रवाचं नाय."
पास्कोलने न बोलता लेंगा वर केला, पोटरी दाखवली.
पोरं वलांडीच्या पार मागे गेली.

चावी परत मिळाली.
"दुसऱ्या गेरान. निजलेलं पोर उचलतान तसं."
मी तोवर कुणाचंच पोर उचललं नव्हतं.
क्लच सोडत गेलो.
दोर ताठला, गोणपाटातून पाणी गळलं,
फळी करकरली,
आणि गाळाने एक ओला, ओशाळवाणा आवाज करून
एक चाक सोडलं.
मग बऱ्याच वेळाने, दुसरं.

फळी परत द्यायला उचलली तेव्हा
खालच्या चिखलात अक्षरं उठली होती, उलटी,
आरशात वाचावीत तशी.
मी मान वाकडी करून लावली.
तिचंच नाव. खाली एक साल.
मी वर पाहिलं. ती बोंबील फिरवत होती.

साडेचारला पाणी आलं, म्हणाली होती तसंच, आळशी.
आधी चाकांच्या चऱ्या भरल्या,
मग नाव.

पैसे तिने घेतले नाहीत. दोन लाद्या घेतल्या,
निवडून, कोपरे शाबूत असलेल्या.
रात्री शेठने वही उघडली. दोन कमी कशा?
वितळल्या, म्हणालो.